पांढरी आओला

माझा मेव्हणा कीसाबुरो तसा शहाणा माणूस आहे, पण त्याची एक खोड मला कधीच पटली नाही. बोटीवर काहीही नवं आलं की हा गडी बंदराच्या तोंडाबाहेर पडल्याबरोबर उजव्या हाताला तीन फेरे घालतो. नवी बोट पहिल्यांदा पाण्यात उतरली की तीन फेरे आमच्याकडे सगळेच घालतात. तेव्हा रंगीत झेंडे लागतात, समुद्रात साके, म्हणजे तांदळाची दारू, ओततात, धक्क्यावर जमलेल्या लोकांवर मोचीचे, म्हणजे कुटलेल्या चिकट भाताचे, गोळे उधळतात, त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. पण नवा पंप बसवला, फेरे. नवा दोर घेतला, फेरे. एकदा तर केबिनमध्ये चहाची नवी किटली आणली म्हणून फेरे घातले होते. "अरे, किटलीचं लग्न लावतोयस का?" असं मी त्याला भर धक्क्यावर विचारलं. तो ओठ दाबून हसला आणि पुढच्या वेळी पुन्हा फेरे.

बंदरात मला सगळे वायरलेसवाला म्हणतात. तोकुजी हे माझं नाव बायकोशिवाय कुणी घेत नाही, आणि तीही रागावली तरच. रडार, रेडिओ, मासे दाखवणारं यंत्र, म्हणजे बोटीवर जे जे विजेवर चालतं आणि खाऱ्या पाण्यानं सडतं, ते सगळं माझ्या वाट्याचं. आयुष्य डोलकाठ्यांवर चढण्यात गेलं, पण कधी पडलो नाही. या उन्हाळ्यात पडलो तो कुठं, तर स्वतःच्या दुकानासमोर, शेजारणीनं वाळत घातलेल्या कोंबूवरून घसरून. समुद्रातलं ते शेवाळ ओलं असलं की साबण परवडला. घोटा मोडला, गुडघ्यापर्यंत प्लास्टर चढलं आणि सगळ्या बंदराला हसायला विषय मिळाला.

त्यातच कीसाबुरोच्या बोटीचं, होएइ-मारूचं, रडार गेलं.

आमच्या होक्काइदोच्या या पूर्वेच्या टोकाला जुलै म्हणजे धुकं. सकाळी कपडे वाळत घालावेत आणि संध्याकाळी जास्त ओले काढावेत, असलं धुकं. बोटीवर उभं राहिलं तर बोटीचं नाक दिसत नाही. रडार नसेल तर गुपचूप घरी बसायचं. पण दक्षिणेकडून वादळ येतंय असं रेडिओवर सारखं सांगत होते, आणि कीसाबुरोच्या ऑक्टोपस धरायच्या पेट्या खडकांजवळ टाकलेल्या होत्या. वादळाआधी उचलल्या नाहीत तर त्यांचा चुरा व्हायचा. बाकीच्या बोटी आदल्या दिवशीच आपापलं सामान उचलून आल्या होत्या. हा एकटा राहिला होता, आणि बोटीवरही हा एकटाच असतो.

फोन आला तेव्हा मी स्वयंपाकघरात मोडका पाय खुर्चीवर टाकून बसलो होतो.

"दाजी, रडार मेलं."

"मेलं म्हणजे? पडदा लागतो का?"

"पडदा लागतो. पण आत काहीच नाही. नुसता अंधार."

"डोलकाठीच्या बुडाशी केबल बघ. पट्टी घासतेय म्हणून मागच्या वर्षीच सांगितलं होतं. पण आमचं ऐकतो कोण!"

त्यानं बघितलं. वरचं रबर घासून पार गेलं होतं आणि आतली तांब्याची जाळी उघडी पडली होती. खारं पाणी एकदा त्या जाळीत शिरलं की कंदिलाच्या वातीत तेल चढावं तसं वर चढत जातं. मी त्याला वीतभर कापायला सांगितलं, तरी तांबं सडलेलं. आणखी कापायला सांगितलं, तरी सडलेलं. म्हटलं, आता नाद सोड, वरचा सगळा तुकडाच बदलू. अँटेनाला लागतो तसा नवा तुकडा दुकानात पडलेला होता. कीसाबुरो धापा टाकत टेकडी चढून आला, तुकडा आणि डाग द्यायची बंदूक घेऊन धापा टाकत परत गेला. वरचं टोक त्यानं बसवलं. तिथं ज्याच्या त्याच्या खोबणी असतात, चुकायला जागा नाही. उरला खालचा जोड, जुन्या केबलला नवी केबल.

हा जोड म्हणजे सगळी करामत. सगळ्या तारा एकाच जागी जोडल्या तर बेडकी फुगल्यासारखी गाठ होते, म्हणून एक जोड वर, एक खाली घ्यायचा. प्रत्येकाला डाग द्यायचा, त्यावर स्लीव्ह, म्हणजे तारेत आधीच ओवून ठेवलेली प्लॅस्टिकची नळी, ओढून गरम करायची म्हणजे ती आवळून बसते. मग जाळीला जाळी जोडायची. शेवटी रबरी टेप, ताणून ताणून, अर्ध्यावर अर्धा. हे हातानं करायला मला काही वाटत नाही, पण तोंडानं दुसऱ्याकडून करून घ्यायचं म्हणजे रक्त आटतं.

"डाग दिलास? छान. स्लीव्ह आधी ओवली होतीस ना?"

पलीकडून नुसती खुडबुड ऐकू आली.

"कीसा, स्लीव्ह ओवली होतीस ना?"

"...काढतो परत."

"आता काय, जोडलेल्या तारेवरून टोपी घालणार होतास?"

माझी बायको फुसाए ओट्याजवळ उभी होती. ती म्हणाली, "अहो, ओरडू नका त्याच्यावर. डोलकाठीला टेकून एका हातानं काम करतोय तो." कीसाबुरो तिचा धाकटा भाऊ. आई गेली तेव्हा तो जेमतेम चालायला लागला होता. त्याला पाठीशी बांधून ही शाळेत जायची. आता त्याचे केस पांढरे झालेत, तरी ती त्याला कीबो म्हणते. कीबो म्हणजे आपल्या बाळ्या-बंड्यातला प्रकार. तिला सख्खं म्हणून तेवढंच एक माणूस आहे. मी आहे, पण मी नवरा.

"बरं, आता मन लावून ऐक," मी फोनवर म्हटलं. "बारीक तारा तीन राहिल्या. रंग वेगळे आहेत, घाबरू नकोस. जुन्यातली लाल नव्यातल्या पिवळीला. पांढरी आओला. काळी उरलेलीला."

"लाल पिवळीला, पांढरी आओला, काळी उरलेलीला," त्यानं पाढा म्हटल्यासारखं म्हणून दाखवलं.

मी खूश. आओ म्हणजे निळी, त्यात न कळण्यासारखं काय आहे?

काम झालं. त्यानं रडार लावलं. मी विचारलं, "रेघ फिरतेय?"

"फिरतेय!"

"बंदराचे बांध दिसतायत?"

"दोन्ही दिसतायत. इकडे एक, तिकडे एक, मधे तोंड. झकास, दाजी!"

आमच्या बंदराचे दोन बांध खेकड्याच्या नांग्यांसारखे आहेत, अगदी एकसारखे. दिसले म्हणाला, मी म्हटलं झालं. मग शेवटचं बजावलं, "आणि हे बघ, आज फेरेबिरे घालायचे नाहीत. धुकं उतरतंय, मोठ्या बोटी वादळाआधी आत येतायत. तोंडाशी गोल गोल फिरत बसलास तर कुणीतरी येऊन धडकेल. सरळ जायचं, पेट्या उचलायच्या, सरळ यायचं."

"नवी केबल आहे, दाजी."

"केबलला देव नसतो! कळलं?"

"कळलं."

फुसाएनं माझ्या हातातून फोन घेतला. पाठ फिरवून दारापर्यंत गेली, भावाशी काहीतरी पुटपुटली, दोनदा "हं, हं" केलं आणि फोन ठेवला. "बॅटरी संपली त्याची," ती म्हणाली. "तुम्हीच बोलत होता सारखे. बोटीची केबल जोडत होता की भाषण देत होता?"

खिडकीतून एरवी आख्खं बंदर दिसतं. आता शेजारचं छप्परही दिसेना. मी दुकानातला रेडिओचा सेट बंद करून आलो होतो, कारण लंगडत स्वयंपाकघर ते दुकान करणं जिवावर येत होतं. काम चोख झालं होतं, भूक लागली होती. फुसाए जेवायला थंड सोमेन करत होती. शेवया उकळून तयार होत्या.

"अहो, बसल्या बसल्या ती आओ चाळण द्या," ती म्हणाली.

माझ्या कोपराशी प्लॅस्टिकच्या दोन चाळणी होत्या. मी निळी उचलून दिली.

"ही नाही, आओ! डोळे आहेत का बटणं?" असं म्हणून तिनं हात लांब करून दुसरी घेतली. ती हिरवी होती.

तिनं शेवया निथळायला घातल्या. वाफ वर आली. आणि माझ्या तोंडचं पाणी पळालं.

आमच्याकडे आभाळ आओ, समुद्र आओ, आणि कांद्याची पातही आओ. कच्चं सफरचंद आओ, बेडूक आओ. सिग्नलचा हिरवा दिवा तर आख्ख्या देशाला आओ. हिरव्याला वेगळा शब्द आहे, मिदोरी. आम्ही तारा जोडणारे हिरव्या तारेला कटाक्षानं मिदोरी म्हणतो, म्हणून माझ्या डोक्यात आओ म्हणजे निळीच. पण कीसाबुरो काय तारा जोडणारा आहे? तो कोळी. त्यात त्या नव्या केबलमधली निळी तार चांगली गडद, शाळेच्या गणवेशासारखी. तसल्या रंगाला गावातला कुणीही माणूस कोन म्हणतो, आओ म्हणत नाही. म्हणजे एक पिवळी, एक कोन आणि तिसरी छान पोपटी हिरवी. त्याला पांढरी 'आओला' जोडायला सांगितली तर तो कुठं जोडणार? हिरवीला! आणि काळी 'उरलेलीला', म्हणजे निळीला. मी शहाण्यानं दोघींपैकी एकीचंही नाव धड घेतलं नव्हतं.

बरं, चुकून पडदा काळा राहिला असता तर चाललं असतं. तो घरी बसला असता. पण त्याचं रडार जुन्या पद्धतीचं. वर अँटेना जशी फिरते तशी पडद्यावरची रेघ फिरावी, यासाठी त्या तीन तारा असतात. त्यातल्या दोन एकमेकींच्या जागी गेल्या तर रेघ फिरते, पण उलटी. सगळं चित्र दिसतं, पण आरशात बघितल्यासारखं. उजवीकडची बोट डावीकडे, डावीकडचा खडक उजवीकडे. आणि आमचे बांध मेले एकसारखे, आरशात बघितले काय आणि सरळ बघितले काय.

म्हणजे धुक्यात समोरून उजव्या अंगानं जहाज आलं तर याला ते डावीकडे दिसणार. हा बिचारा त्याला चुकवायला उजवीकडे वळणार. थेट त्याच्या तोंडात.

"फुसाए," मी म्हटलं. मोडका पाय खुर्चीवरून खाली घेतला.

"काय झालं? पाय दुखतोय?"

"त्यानं तारा उलट जोडल्यात. म्हणजे मीच तसं सांगितलं. त्याच्या रडारवर उजवं डावीकडे दिसतंय आणि डावं उजवीकडे."

तिनं चाळण तशीच ठेवली. मला वाटलं, आता ओरडेल, शिव्या घालेल. ती म्हणाली, "रेडिओ." एवढंच.

मी कुबडीसुद्धा घेतली नाही. एका पायावर उड्या मारत, कपाटं धरत दुकानात गेलो आणि सेट लावला. बाहेर कुठंतरी मोठ्या बोटीचा भोंगा वाजला. धुक्यात भोंग्याचा आवाज कुठून येतो ते काही कळत नाही.

"होएइ-मारू! होएइ-मारू! कीसा! ऐकतोयस का? रडारवर विश्वास ठेवू नकोस! उलटं आहे ते! उजवं डावं आहे, डावं उजवं आहे! कीसा! होएइ-मारू! अरे, बोल काहीतरी! जिथं असशील तिथं थांब, इंजिन बंद कर, भोंगा वाजव! होएइ-मारू! कीसाबुरो! अरे गाढवा, बोल ना!"

काही नाही. मी आणखी जोरात ओरडलो. मेला, हा माणूस मेला, माझ्या एका शब्दानं मेला, एवढंच डोक्यात. भोंगा पुन्हा वाजला. मी पुन्हा ओरडायला लागलो.

"अहो," फुसाए म्हणाली, "बटण सोडा."

"काय?"

"बटण! तुम्ही बटण दाबूनच धरलंय. तो बोलणार कधी?"

बोटीच्या रेडिओवर एका वेळी एकानंच बोलायचं असतं. बटण दाबलेलं असेपर्यंत समोरचा कितीही ओरडला तरी ऐकू येत नाही. हे मी बंदरातल्या प्रत्येक पोराला शिकवलंय, भिंतीवर पाटी लावलीय. आणि माझा अंगठा त्या बटणावर असा रुतला होता की फुसाएला तो दुसऱ्या हातानं उचलावा लागला. तिनं माइक तोंडाशी नेला. आवाज अजिबात चढवला नाही.

"कीबो," ती म्हणाली, आणि बटण सोडलं.

खरखर झाली. मग पलीकडून आवाज आला, "काय गं, ताई?"

माझा जीव भांड्यात पडला. नुसता जीवच नाही, मीही पडलो. प्लास्टरचा पाय पुढं करून दुकानाच्या जमिनीवर बसलो. फुसाए भिंतीला टेकली होती. तिचे डोळे मिटलेले होते, पण आवाज तोच.

"कुठं आहेस तू?"

"तुमच्या घराखाली."

"घराखाली म्हणजे?"

"बांधाच्या बाहेर, उथळात. नांगर टाकून बसलोय. मघापासून हाका मारतोय मी. आधी तुमचा सेटच बंद. मग लागला, तर दाजी बोलायचे थांबेनात. काय झालंय त्यांना?"

मी जमिनीवरूनच हात पुढं केला. फुसाएनं माइक दिला, पण माझ्या अंगठ्यावर नजर ठेवून.

"कीसा, रडार उलटं आहे रे! उजवं..."

मी बटण सोडलं.

"माहितीये, दाजी."

"माहितीये? कसं काय माहितीये?"

खरखर. मग तो शाळेत पकडलेल्या पोरासारखा म्हणाला, "फेरे घातले."

त्यानं सांगितलं ते असं. तोंडाबाहेर पडल्यावर त्यानं पहिला फेरा घ्यायला उजवीकडे सुकाणू वळवलं. आपण उजवीकडे वळलो की पडद्यावर सगळा किनारा डावीकडे सरकतो. गाडीतून वळताना झाडं सरकतात तसाच. पण आज बांध उलट बाजूला सरकायला लागले, बोटीच्या नाकाबरोबरच. त्याला वाटलं, आपल्यालाच चक्कर येतेय. म्हणून दुसरा फेरा घातला. तेव्हा धुक्यातून भोंगा ऐकू आला, अगदी जवळ. पडद्यावर ठिपका डावीकडे. कान म्हणत होता उजवीकडे. "म्हटलं, दाजींचं रडार खरं की माझे कान खरे?" तो म्हणाला. "पण बांध खोटे सरकतायत तर ठिपकाही खोटाच असणार. मी डावीकडे घातली बोट. ती मोठी बोट उजव्या अंगानं गेली, दाजी. एवढ्या जवळून गेली की त्यांच्या स्वयंपाकघरातल्या करीचा वास आला."

मी बटण दाबलंच नाही.

"आत यावं तर त्या आरशात बघून येणार कसा?" तो म्हणाला. "म्हणून उथळात शिरलो. इथं मोठी बोट यायची नाही. नांगर टाकला, चहा केला. दाजी, आहात ना?"

"आहे," मी म्हटलं. "आणि काय रे, रेघ उलटी फिरतेय हे धक्क्यावरच दिसलं नाही तुला? डोळे काय ऑक्टोपसला विकलेस?"

"तुम्ही विचारलंत, रेघ फिरतेय का. मी म्हटलं, फिरतेय."

फुसाए हसली. भिंतीला टेकून, तोंडावर हात ठेवून हसली, आणि ते हसू ऐकून मला पाऊण आयुष्य परत मिळाल्यासारखं वाटलं.

मग तिथंच, नांगरावर, तो जोड उघडायला लावला. त्यानं वरून रेनकोट धरला, रडारची वीज बंद केली, टेप कापला. मी या खेपेला एकेक शब्द जपून वापरला.

"कीसा, पांढरी तार आत्ता कुठल्या तारेला आहे?"

"आओला."

"आओ म्हणजे कसली आओ? काकडीसारखी की आभाळासारखी?"

"काकडीसारखी. काकडीच्या सालासारखी."

"शाबास. आणि काळी?"

"कोनला. आमच्या शाळेच्या गणवेशाचा रंग."

"आता पांढरी सोड आणि गणवेशाला जोड. काळी काकडीला जोड. म्हणून दाखव."

"पांढरी गणवेशाला, काळी काकडीला."

"स्लीव्ह?"

"ओवल्या! आधीच ओवल्या!"

त्यानं रडार लावलं. मी विचारलं, रेघ कुठल्या बाजूनं फिरतेय, घड्याळासारखी की उलटी. तो म्हणाला, घड्याळासारखी. मी म्हटलं, तरी एक फेरा घाल. पलीकडे एवढी शांतता झाली की मला वाटलं, पुन्हा माझं बटण दाबलेलं राहिलं.

"तुम्ही सांगताय, दाजी? फेरा?"

"घाल म्हटलं ना! तीन घाल!"

त्यानं नांगर उचलला आणि तीन फेरे घातले. बांध जसे सरकायला हवेत तसे सरकले. मग तो आत आला. पेट्यांचं नाव फुसाएनं काढू दिलं नाही. संध्याकाळी तो आमच्याकडे जेवायला होता. शेवयांचा पार गोळा झाला होता, तरी आम्ही तिघांनी त्या खाल्ल्या, वर हिरवीगार पात घालून, आणि इतक्या चवीनं खाल्ल्या की विचारू नका. वादळ दक्षिणेनंच वळून गेलं. त्याच्या बऱ्याचशा पेट्या वाचल्या, पण त्या रात्री कुणाला ते माहीत नव्हतं आणि कुणी विचारलंही नाही.

साकेचा दुसरा पेला झाल्यावर मी त्याला म्हटलं, "कीसा, मी फेरे घालू नकोस म्हणून सांगितलं होतं. तू 'कळलं' म्हणालास."

तो ताईकडे बघायला लागला. फुसाए उठून ओट्याकडे गेली आणि उगाच भांडी हलवायला लागली.

"सांग की," मी म्हटलं.

"ताईनं फोन घेतला होता ना," तो म्हणाला. "ती म्हणाली, 'कीबो, त्यांचं सगळं ऐक. फक्त फेऱ्यांचं ऐकू नकोस.'"

मी पेला खाली ठेवला. म्हणजे आज त्यानं माझं सगळंच्या सगळं ऐकलं असतं तर आत्ता त्याची जागा रिकामी असती. मी फुसाएच्या पाठीकडे बघत राहिलो. आभार मानावेत तर ते मला कधी जमलं नाही. शेवटी म्हटलं, "भांडी राहू दे. बस जरा." ती येऊन बसली, आणि मीच तिचा पेला भरला.

पुढं माझं प्लास्टर काढायचा दिवस आला. मोठं हॉस्पिटल कुशिरोला आहे. कीसाबुरोनं गाडी काढली. मी पुढं त्याच्या शेजारी, फुसाए मागं. पाय बाहेर आला तो पांढराफटक, सोललेल्या मुळ्यासारखा, पण आपला. परत येताना शहरातल्या चौकात सिग्नल लाल लागला. कीसाबुरो माझ्याकडे तोंड करून काहीतरी ऑक्टोपसची गोष्ट सांगत होता, त्याचं समोर लक्ष नव्हतं.

मागून फुसाए म्हणाली, "आओ झाला, कीबो. चल."

कीसाबुरो हलला नाही. त्यानं गंभीर तोंड करून आरशातून तिच्याकडे बघितलं. "कसली आओ, ताई? काकडीची की गणवेशाची?"

मला असं हसू फुटलं की मोकळा झालेला पाय आपटायला लागलो. तोही स्टिअरिंगवर कपाळ टेकून हसत सुटला. "पांढरी आओला!" तो म्हणायचा आणि मला परत उबळ यायची. डोळ्यांतून पाणी आलं. हसता हसता मी मागं वळून बघितलं, तर फुसाए हसत नव्हती. तिनं भावाच्या सीटला मागून दोन्ही हातांनी मिठी मारली होती, कपाळ त्याच्या पाठीमागं टेकवलं होतं, आणि ती रडत होती. त्या दिवशी रेडिओपाशी एक टिपूस न काढलेली बाई हमसून हमसून रडत होती.

कीसाबुरोचं हसू थांबलं. त्यानं खांद्यावरून हात मागं नेऊन तिचा हात धरला. समोरचा दिवा पुन्हा लाल झाला. मागच्या गाडीवाल्यानं हॉर्नवर हॉर्न वाजवला. मी म्हटलं, वाजवू दे.